पोरके पिल्लू

चिमुकल्या जातीचे कुत्र्याचे पिल्लू घरी आणायचे म्हटले, की नोकरदार जोडप्यापुढे पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. दोघेही दिवसभर कामावर. दूध पाजायचे कोणी? अहेरीपलीकडच्या भामरागडच्या रानात हाच प्रश्न एका डॉक्टर दांपत्यापुढे निराळ्या रूपाने आला.

बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले. वीज नव्हती, पावसाळ्यात वाट तुटे, रोगी केव्हाही दारात. अशा दिवसांत त्यांना शिकारीहून परतणारे माडिया भेटले. मारलेल्या माकडिणीला बिलगून तिचे जिवंत पिल्लू दूध शोधीत होते. तेही खाण्यासाठीच चालले होते. शिकाऱ्यांना दोष काय द्यावा? भुकेचाच व्यवहार तो! तांदूळ देऊन पिल्लू सोडविले; तेच बबली.

घर आणि दवाखाना एकाच आवारात, म्हणून हे निभले असावे. पिल्लाला घड्याळ कळत नाही. हाक ऐकू येईल इतके जवळ कोणी तरी लागते. शहरातल्या कुलूपबंद खोलीत नेमके तेच नसते. बबलीमागून अस्वले आली, बिबटे आले. पुढे शिकारीत पोरकी झालेली पिल्ले माडिया स्वतःच हेमलकशाला आणून देऊ लागले.