वर्धा शिक्षण योजना आणि शालान्त परीक्षेचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

भारतीय शिक्षणाच्या इतिहासात वर्धा जिल्ह्याचे नाव मूलोद्योग शिक्षणाशी कायमचे जोडले गेले आहे. 'वर्धा योजना' म्हटले की टकळी, सूत, स्वावलंबन आणि मातृभाषा या गोष्टी चटकन आठवतात. याच योजनेने परीक्षेसंबंधी एक मूलगामी विचार मांडला होता, ही बाब मात्र सहसा चर्चेत येत नाही. प्रस्तुत लेखात त्या विचाराचे स्वरूप आणि मॅट्रिकच्या प्रमाणपत्रापुढे त्याची झालेली गत यांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मॅट्रिकचे वर्चस्व

इंग्रजी राजवटीत मॅट्रिक्युलेशन ही परीक्षा मुळात विद्यापीठात प्रवेश देण्यासाठी होती. शाळेतील शिक्षण पुरे झाले किंवा नाही हे तपासणे हा तिचा हेतूच नव्हता. परंतु सरकारी कचेरीतील नोकरीसाठी हेच प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाऊ लागले आणि पाहता पाहता शालेय शिक्षणाचे सारे प्रयोजन या एका परीक्षेत सामावले. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. तत्पूर्वी मध्य प्रांतातील उच्च शिक्षण व त्याच्या परीक्षा प्रांताबाहेरील विद्यापीठांच्या अधीन होत्या. वर्षभराचा अभ्यास तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत उतरविणे, त्यासाठी घोकंपट्टी करणे आणि अपयश आल्यास पुन्हा सारे वर्ष त्याच पुस्तकांत काढणे, हा त्या काळच्या विद्यार्थ्याचा सर्वसाधारण अनुभव होता.

महात्मा गांधी स्वतः १८८७ साली मॅट्रिक झाले होते. परीक्षेसाठी ते राजकोटहून अहमदाबादला गेले होते. पुढे १९३८ साली 'हरिजन'मध्ये लिहिताना, इंग्रजी माध्यमामुळे गणितादी विषय शिकण्यात आपली वर्षे गेली आणि तेच ज्ञान गुजरातीतून फार थोड्या अवधीत मिळाले असते, असे त्यांनी नमूद केले. १९३७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाची जी कल्पना मांडली तिचे सूत्र मॅट्रिकइतके सामान्य ज्ञान, त्यातून इंग्रजी वजा आणि एका उद्योगाची भर, असे होते. मॅट्रिकला विरोध करतानाही मोजमापासाठी मॅट्रिकचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

वर्ध्याची परिषद

दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी एज्युकेशन सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त अखिल भारतीय राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. त्या वेळी ते जवळच्या शेगावी राहात असत. या गावाला सेवाग्राम हे नाव १९४० साली मिळाले. काँग्रेस प्रांतांचे शिक्षणमंत्री परिषदेस उपस्थित होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि कालांतराने त्यातून शिक्षकांचे वेतन निघावे ही अपेक्षा, असे चार ठराव संमत झाले. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिने आपला अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत सादर केला.

समितीची रचना पाहिली तर एक गोष्ट नजरेत भरते. स्वतः झाकीर हुसेन बर्लिन विद्यापीठाचे डॉक्टरेट, जे. सी. कुमारप्पा सनदी लेखापाल, काका कालेलकर पदवीधर, किशोरलाल मशरूवाला विधी पदवीधर. म्हणजे प्रचलित परीक्षांच्या साऱ्या पायऱ्या चढून आलेली ही मंडळी होती. त्यांच्याच पंक्तीला विनोबा भावे होते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेले विनोबा सुरतेला उतरून काशीस गेले होते, आणि आपली प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच चुलीत टाकली होती. १९२१ पासून त्यांचे वास्तव्य वर्ध्यास होते. परीक्षा उत्तीर्ण झालेले आणि परीक्षेकडे पाठ फिरवलेले असे दोघेही या प्रश्नावर एका निष्कर्षास आले, यात अहवालाचे वजन आहे.

समितीचा परीक्षाविषयक विचार

प्रचलित परीक्षापद्धती शिक्षणाला शापरूप ठरली आहे, असे समितीने निःसंदिग्ध शब्दांत म्हटले. मात्र समितीने परीक्षा मोडीत काढली, असा जो समज आढळतो तो बरोबर नाही. विद्यार्थ्याला वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय वर्षभराच्या कामावरून शाळेनेच घ्यावा. तपासणी अधिकाऱ्यांनी निवडक विद्यार्थीगटांची नमुना पाहणी करून त्या भागातील शाळांच्या प्रगतीचा अंदाज घ्यावा, अशी तिची शिफारस होती.

यापुढील प्रतिपादन अधिक महत्त्वाचे आहे. अनिवार्य प्रसंग वगळता कोणत्याही मुलाला संपूर्ण वर्षाचे काम पुन्हा करावयास लावू नये, असे समितीचे मत होते. एखाद्या वर्गाची प्रगती कमी पडली तर शिक्षकाच्या कामाकडे पाहावे. एका शाळेत नापासांची संख्या वाढली तर त्या शाळेची तपासणी व्हावी. आणि साऱ्या शाळांतूनच मुले नापास होत असतील तर दोष अभ्यासक्रमात आणि त्याने ठरविलेल्या अपेक्षांत आहे असे समजावे. अपयशाची जबाबदारी क्रमाने मुलाकडून शिक्षकाकडे, शाळेकडे आणि शेवटी अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांकडे सरकविणारी ही मांडणी होती. परीक्षा द्यावयाचीच होती, पण परीक्षार्थी बदलला होता.

या विचारात एक अंतर्विरोधही होता. समितीने वर्षाचे २८८ कामाचे दिवस आणि दररोज साडेपाच तासांची शाळा ठरविली. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी, तर मातृभाषेसाठी केवळ ४० मिनिटे होती. टकळीवर किती वेळात किती नंबरचे सूत निघावे याची इयत्तावार परिमाणे अभ्यासक्रमात दिली होती. लेखी परीक्षेच्या गुणांच्या जागी गुंड्यांची मोजणी येण्याचा धोका त्यातून उद्भवला. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेवर परिषदेतच आक्षेप घेतला होता. आर्थिक बाजूवर भर देऊन शैक्षणिक हेतू बाजूला पडण्याची भीती खुद्द अहवालातही व्यक्त झाली आहे.

उत्तर बुनियादी आणि प्रमाणपत्राचा प्रश्न

हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये योजनेस मान्यता दिली आणि त्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघाची स्थापना झाली. आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी सेवाग्राम येथे हे काम उभे केले. शेती, कताई-विणाई, स्वयंपाक, सफाई यांची नोंद ठेवणे आणि त्यावरून विद्यार्थ्याची वाढ पाहणे, ही तेथील मूल्यमापनाची रीत होती. १९४५ नंतर पूर्वबुनियादी ते उत्तर बुनियादी असा शिक्षणाचा विस्तार करण्यात आला.

खरी अडचण येथे उद्भवली. सात-आठ वर्षांच्या बुनियादी शिक्षणापर्यंत प्रमाणपत्राचा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. उत्तर बुनियादी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला मात्र विद्यापीठे आणि सरकारी नोकरभरती करणाऱ्या यंत्रणा सहजासहजी दारात उभे करीत नसत, कारण त्याच्याजवळ मॅट्रिकचा कागद नसे. ज्या पालकाला आपला मुलगा तलाठी, मास्तर किंवा कारकून व्हावा असे वाटे, त्याने मुलाला गावातील बुनियादी शाळेतून काढून वर्धा किंवा हिंगणघाटच्या हायस्कुलात घालणे स्वाभाविक होते. यात त्या पालकाला दोष देता येणार नाही. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत त्याला कोणत्याही शिक्षणतज्ज्ञापेक्षा अधिक ठाऊक होती. शिक्षणक्रम बदलण्याचा प्रयत्न झाला, परंतु नोकरीचे नियम पूर्वीचेच राहिले. १९५९ साली तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला.

नंतरचा काळ

१ जानेवारी १९६६ पासून राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले आणि वर्धा जिल्हा त्याच्या नागपूर विभागात आला. १९७५ साली नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली. जुन्या पिढीच्या बोलण्यात 'अकरावी मॅट्रिक' हा शब्द त्यानंतरही टिकून राहिला. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली व सातत्यपूर्ण मूल्यमापन आणले. २०१९ च्या दुरुस्तीने ही मनाई पाचवी व आठवीपुरती सैल झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्यानुसार या दोन वर्गांसाठी वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षेचे नियम केले. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण होणारा विद्यार्थी त्याच वर्गात राहतो.

दरम्यान २०२१ साली महासाथीमुळे दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५० आणि दहावीतील अंतर्गत मूल्यमापनाचे ५० असे गुण शाळांनीच दिले आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. शाळेच्या निर्णयावर प्रमाणपत्र देण्याची ही पद्धत समितीच्या शिफारशीशी वरवर मिळतीजुळती दिसते. परंतु समितीला अभिप्रेत असलेली शाळांची नमुना पाहणी तिच्यात नव्हती, आणि पुढील वर्षी लेखी परीक्षा पूर्ववत सुरू झाली.

सेवाग्राम येथे नई तालीम परिसरात २००५ साली 'आनंद निकेतन' ही शाळा सुरू झाली. शेती आणि हस्तोद्योग तेथे पुन्हा अभ्यासक्रमाचा भाग झाले आहेत. तेथून पुढे अकरावीला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यालाही दहावीचे प्रमाणपत्र सादर करावेच लागते.