सुटणारा आणि पुन्हा जुळणारा बंध

चिंचणीचा माणूस इतिहासाविषयी बोलू लागला की ताम्रपटांवर येणारच. आमच्या गावात सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संयान, म्हणजे आजचे संजाण, येथे मुहम्मद नावाचा ताजिक अधिकारी कारभार पाहत होता. तेथील मठिकेला मिळालेल्या दानाची नोंद या पत्र्यावर आहे. दान आचंद्रार्क चालावे, ही अशा लेखांमागची इच्छा. म्हणून तर ते तांब्यावर कोरत. जे हलत नाही तेच टिकते, असे मीही या पत्र्यांच्या सहवासात धरून चाललो होतो.

तांब्याविषयी मिळेल ते वाचत असताना पुण्यातील एका संशोधनाशी गाठ पडली आणि हे गृहीतक डळमळले. माझे रसायनशास्त्र बारावीपाशी थांबलेले. त्यामुळे जे समजले ते सावकाश समजले.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शायनी वर्गीस, आशीष लेले आणि रघुनाथ माशेलकर जेलवर काम करत होते. जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे बहुवारिकाचे, अर्थात पॉलिमरचे, जाळे. सुरीने ते कापले की जाळ्याचे मुख्य धागे तुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत. या संशोधकांच्या जेलमध्ये मात्र धाग्यांना लवचीक बाहू होते आणि प्रत्येक बाहूच्या टोकाला कार्बॉक्सिल गट. पाण्यात हा गट हायड्रोजन सोडून ऋणभारित होऊ शकतो. तांब्याचा आयन धनभारित. कापलेल्या दोन कडा एकमेकींना टेकवल्या की अलीकडचा एक बाहू आणि पलीकडचा एक बाहू तोच आयन पकडतात आणि चिरेवर पूल बांधला जातो. असे असंख्य पूल झाले की जेल सांधते. त्यासाठी ना तापवावे लागते, ना वेगळा गोंद लागतो. २००६ साली हे काम प्रसिद्ध झाले.

काटेकोरपणे हा समन्वयी बंध; केवळ धन-ऋण आकर्षणाचा नव्हे. पण महत्त्वाचा गुण दोन्हींत सारखा आहे: बंध सुटू शकतो, म्हणूनच पुन्हा जुळू शकतो. तो कायमचा घट्ट असता, तर कापलेल्या कडेवर नवा जोडीदार शोधायला कोणी मोकळे उरलेच नसते.

२०१२ साली वर्गीस यांनी कॅलिफोर्नियातील सहकारी, लेले आणि माशेलकर यांच्यासह पुढचे पाऊल टाकले. या वेळी धातू नव्हता. काम हायड्रोजन बंधांचे होते. आम्ल द्रावणात जेलचे तुकडे काही सेकंदांत जुळले, अल्कधर्मी द्रावणात ते पुन्हा सुटे झाले. बाहूची लांबीही नेमकी असावी लागते: आखूड बाहू पलीकडे पोचत नाही, फार लांब बाहू पाणी टाळत आपल्यातच गोळा होतो.

२०१३ साली जपानच्या होक्काइडो विद्यापीठातील जियान पिंग गाँग यांच्या गटाने शुद्ध आयनिक बंधांचे जेल सादर केले. एकाच जाळ्यात धनभार आणि ऋणभार विखुरलेले. त्यांतले घट्ट बंध आकार राखतात. दुबळे बंध ताण आला की आधी तुटतात, त्या तुटण्यात ताणाची ऊर्जा जिरवतात आणि नंतर पुन्हा जुळतात. पदार्थ चिवट होतो तो या दोघांच्या भागीदारीने. सगळेच बंध दुबळे असते तर पदार्थ ओघळला असता. सगळेच घट्ट असते तर एकदा गेलेला तडा तसाच राहिला असता.

आता पुन्हा ९२६च्या पत्र्याकडे पाहतो. तांबे टिकले, अक्षरे टिकली; पण ज्यासाठी ती कोरली तो मठिकेचा व्यवहार आज कुठे आहे? त्यात राष्ट्रकूटांचा राजा होता, ताजिक अधिकारी होता, मठिका होती. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, तरी एका कामापुरते ते एकत्र आले होते. अशी माणसे त्याआधीही जुळली असतील, सुटलीही असतील. आमच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिताना मी आजवर फक्त न तुटलेल्या गोष्टी शोधत आलो. आता तुटून पुन्हा सांधलेल्या जागाही शोधायच्या आहेत.