चुंबळ, घमेलं आणि बटणावरचा हात

गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. दक्षिणेच्या टोकाशी दोघी एक होतात आणि तिथून पुढे नदी प्राणहिता म्हणून वाहते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते, आणखी खाली इंद्रावतीही येऊन पडते. एवढं पाणी एका पट्ट्यात पाहून तीन राज्यांनी तिथे जलविद्युत धरण आखलं. त्याचं नाव इचमपल्ली. 1984 च्या सुमारास बाबा आमटे आणि 1962 साली चांद्यातून लोकसभेवर गेलेले गोंड नेते लालश्यामशहा महाराज यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ची हाक दिली. माडिया-गोंडांची गावं बुडवणारं ते धरण कागदावरच राहिलं. त्यामुळे इचमपल्लीच्या मजुरांचा एकही फोटो नाही.

मात्र पाणी अडवणारे हात या मुलखात फार जुने. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे शेकडो तलाव बांधले. मालगुजारी गेल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणू लागले. मातीची पाळ आणि पाणी सोडायला तुडुम, एवढ्यावर हे तलाव पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवत आले. ते खोदणाऱ्यांचे चेहरे कुणी टिपले नाहीत, कारण तेव्हा कॅमेराच नव्हता.

कॅमेरा आला तेव्हा मजूर फोटोत आला, पण बहुतेक वेळा मोजपट्टी म्हणून. 23 नोव्हेंबर 1936 रोजी अमेरिकेत ‘लाइफ’ मासिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेलं मोंटाना राज्यातल्या फोर्ट पेक धरणाचं बांधकाम होतं. काँक्रीटचे किल्ल्यासारखे प्रचंड खांब, आणि त्यांच्या पायथ्याशी मुंगीएवढी दोन माणसं. खांब किती मोठे आहेत ते कळावं, एवढंच त्यांचं काम. पण बर्क-व्हाइट तिथे थांबल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. आतल्या पानांवर मजुरांच्या लाकडी झोपड्या आहेत, रात्रीचा नाच आहे आणि गुत्त्याच्या काउंटरवर बसवलेलं एक लहान मूलही आहे. धरणापेक्षा ते मूलच जास्त लक्षात राहतं.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर धरणं उभी राहू लागली तसे फोटोही निघू लागले. 1948 साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं. छायाचित्रकार सुनील जाना यांनी देशातल्या नव्या कारखान्यांचे आणि धरणांचे फोटो काढले. गडचिरोलीच्या पलीकडे, बस्तरमधल्या माडियांचे देखणे फोटोही त्यांचेच. जंगलातला आदिवासी आणि बांधकामावरचा मजूर ही खरं तर एकाच घरातली माणसं, हे त्यांचे दोन्ही फोटो शेजारी ठेवले की दिसतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, एक हात घमेल्याला आणि मान ताठ, कारण मान कलली तर खडी सांडते.

अशाच एका मजूर मुलीचा फोटो देशभर गेला. 6 डिसेंबर 1959. दामोदर नदीवरच्या पंचेत धरणाचं उद्घाटन. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी ठरवलं की उद्घाटनाचं बटण मजुराच्या हातानेच दाबायचं. धरणावर काम करणारी, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची संथाळ मुलगी बुधनी मेझान पुढे आली. बटणावर तिचा हात, शेजारी नेहरू. दुसऱ्या दिवशी हे दृश्य वर्तमानपत्रांत झळकलं. मोजपट्टी म्हणून उभं राहणाऱ्या माणसाला त्या दिवशी फोटोच्या मधोमध जागा मिळाली, आणि त्यामागची भावना खरी होती.

पण त्याच समारंभात बुधनीने नेहरूंच्या गळ्यात हार घातला होता. संथाळ रीतीत मुलीने पुरुषाच्या गळ्यात माळ घालणं म्हणजे लग्न. गावातल्या जाणत्यांनी निवाडा दिला की तिचं लग्न जातीबाहेरच्या माणसाशी झालं आहे. तिला वाळीत टाकलं. 1962 साली दामोदर खोरे महामंडळातली नोकरीही गेली. ज्या हाताने देशासाठी वीज सुरू केली, तो हात पुढची कित्येक वर्षं मिळेल ती मजुरी करत राहिला. 1980 च्या दशकात राजीव गांधींपर्यंत तिची गोष्ट पोचली, तेव्हा नोकरी परत मिळाली. नोव्हेंबर 2023 मध्ये ती गेली. मल्याळम लेखिका सारा जोसेफ यांनी तिच्यावर ‘बुधिनी’ ही कादंबरी लिहिली आहे. फोटो काढणाऱ्याला, हार हातात देणाऱ्या साहेबांना, कुणालाच तिच्या समाजाची रीत माहीत नव्हती, किंवा विचारावीशी वाटली नव्हती. हे चुकून झालं असेल, पण त्याची किंमत एकट्या बुधनीने मोजली.

आता रोजगार हमीच्या मजुरांचे फोटो रोज निघतात. मामा तलावातला गाळ काढायचा असो की पाळ दुरुस्त करायची असो, 1 जानेवारी 2023 पासून हजेरीचा फोटो मोबाइल ॲपवर टाकणं सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा, जागा आणि वेळ नोंदवून. फोटो चढला नाही तर मजुरी अडते, आणि जंगलपट्ट्यात रेंज शोधत फिरावं लागतं. सकाळी बाया घमेली खाली ठेवतात, चुंबळ काढून हातात घेतात, पदर सावरतात आणि पाळीवर ओळीने उभ्या राहतात. मोबाइल समोर धरलेला असतो. पाठीमागे तलाव, त्यात अजून पाणी नसतं.