नव्या विद्येचे बारसे

मुलाचे बारसे घरी होते. यंत्रांचे बारसे मात्र बहुधा परदेशात उरकलेले असते, आणि आपल्या वाट्याला येतात त्या नुसत्या घुगऱ्या! ही चिंता नवी नव्हे. फारसीने भरलेल्या दरबारी भाषेसाठी शिवछत्रपतींनी ‘राज्यव्यवहारकोश’ करविला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालयही निघाले. १९२६ साली धुळ्यात निवर्तलेले इतिहासाचार्य राजवाडे जन्मभर शब्दांची मुळे खणीत राहिले. या साऱ्यांचे ऋण मोठेच. पण आमच्या खानदेशात पाण्याचे शब्द घडले ते शेताच्या बांधावर.

पांझरेवरची फडपद्धती पाहा. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, आणि पाणी देणारा तो पाटकरी! व्यवस्था शेकडो वर्षांची; पण तिच्यातला एकही शब्द कुणब्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नसे.

इस्रायलमधील हात्झेरिम वसाहतीत थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या नळ्यांच्या धंद्याची मुहूर्तमेढ १९६५ मध्ये रोवली गेली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांनी जळगावात ती विद्या रुजविली. मराठीत तिला नाव लाभले ‘ठिबक’. पावसाळ्यात छप्पर ठिबकते, हे कोणाला ठाऊक नाही? यंत्राचे सारे काम नावातच आले.

अडचण पुढे आली. एका विद्येत दुसरी मिसळली, त्याच नळीतून खतही वाहू लागले. इंग्रजीने खताचा आणि सिंचनाचा असे दोन शब्द तोडून ‘फर्टिगेशन’ हा सांधा केला. आपल्या कानाला त्याचे दोन्ही तुकडे मुके! खताच्या पिशवीवर ‘विद्राव्य’ असे छापलेले असते. म्हणजे पाण्यात पुरते विरघळणारे. ते न उमजून भलतेच खत सोडले, तर कण छिद्रांत अडकतात आणि केळीची झाडे तहानलेली राहतात. येथे शब्दाचा प्रश्न पंडितांचा उरत नाही. तो पिकाचा होतो.

‘भ्रमणध्वनी’चेही तसेच. त्या खिशातल्या यंत्रावरून आता शेतातला पंप सुरू करता येतो. ‘ध्वनी’ उरला नावापुरता.

म्हणून शाळेत मी मुलांना सांगतो, नाव ठेवताना यंत्राच्या पोटात काय काय एकवटले ते मोजू नका; ते आपल्यासाठी काय करते ते पाहा, आणि तो शब्द आधी घरात शोधा. ‘फर्टिगेशन’ला ‘ठिबक खतपाणी’ म्हटले तर काय बिघडेल? ‘खतपाणी’ हा शब्द तर आजीच्याही तोंडी होता!