गणिताची पदवी आणि तिची परंपरा

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हा एक हृद्य प्रसंग असतो. नाव, शाखा व शेकडा गुण असा क्रम वाचला जातो आणि टाळ्यांचा गजर होतो. या यादीत अभियांत्रिकी, वैद्यक व वाणिज्य या शाखांचा भरणा अधिक. पण ‘गणित विषय घेऊन पदवी’ असा उल्लेख मात्र क्वचितच ऐकू येतो. गणितात ज्याची गती आहे अशा मुलाला वा मुलीला ‘इंजिनिअर हो’ असा सल्ला घराघरांतून मिळतो, आणि मूल गणितच शिकेन म्हणाले तर ‘त्याचे पुढे काय?’ असा प्रश्न पुढे येतो. हा प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन मुलास शिकविले त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे, आणि ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गणिताच्या पदवीपरीक्षेचा विचार करू लागले म्हणजे प्रथम नजर जाते ती इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाकडे. तेथील गणिताच्या परीक्षेस ‘ट्रायपॉस’ म्हणतात. जुन्या काळी पदवीप्रसंगी वाद घालणारा पंडित तिपाईवर बसत असे; त्या तिपाईवरून हे नाव पडले असे सांगतात. प्रथम वर्गात येणाऱ्यास ‘रँग्लर’ ही संज्ञा मिळाली. या शब्दाचा मूळ अर्थही ‘वाद घालणारा’ असाच. पुढे तोंडी वादाची जागा लेखी प्रश्नपत्रिकांनी घेतली, तरी नाव जुनेच राहिले. पहिला येणारा तो सीनिअर रँग्लर. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गास सीनिअर व ज्युनिअर ऑप्टिम म्हणत, आणि यादीत सर्वांत शेवटी येणाऱ्याच्या नशिबी थट्टेचा लाकडी चमचा असे. 1824 साली अभिजात भाषांची निराळी परीक्षा सुरू झाली, तेव्हा आरंभी तिला बसण्यासाठीदेखील आधी गणितात मानाची पदवी मिळवावी लागे. यावरून गणिताचा दरारा किती होता हे ध्यानात येईल.

या परीक्षेचा मानमरातब जसा मोठा तसा तिचा दोषही मोठा होता. क्रमांकासाठी चढाओढ लागली आणि खाजगी शिकवण्यांचे राज्य झाले. एडवर्ड राउथ या एकाच शिक्षकाच्या हाताखालून सीनिअर रँग्लर होऊन बाहेर पडलेल्यांची संख्या दोन डझनांहून अधिक भरते. स्वतः राउथ 1854 साली पहिले आले. त्या वर्षी दुसरा क्रमांक होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा. विद्युत् व चुंबकत्व यांचे नियम एका सूत्रात गोवणारे मॅक्सवेल यादीत दुसरे आले, म्हणून जगाने त्यांना दुसरे मानले नाही. 1893 साली सातवे आलेले बर्ट्रंड रसेल या घोकंपट्टीला एवढे विटले की, परीक्षा संपताच त्यांनी गणिताची पुस्तके विकून टाकली. गणितात ते पुन्हा परतले ते परीक्षेचे भूत मानेवरून उतरल्यावरच. 1898 साली चौथे आलेले जी. एच. हार्डी यांनी तर या पद्धतीविरुद्ध मोहीमच उघडली. अखेर 1909 ची यादी ही क्रमवार लावलेली शेवटची यादी ठरली. पुढील वर्षापासून केवळ वर्ग जाहीर होऊ लागले, वर्गातील क्रम नव्हे. सुमारे दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्या क्रमांकाचा डंका वाजला तो विद्यापीठाने स्वतःच्या हाताने मोडून टाकला. आणि गणिताचा अभ्यास तर काही बुडाला नाही, उलट अधिक सखोल झाला.

स्त्रियांच्या वाट्याला तर हा क्रमांकही आला नव्हता. 1890 साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सर्वांत अधिक गुण मिळविले. यादी वाचताना तिचे स्थान ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असे सांगण्यात आले, पण सीनिअर रँग्लर हा किताब पुरुषाकडेच गेला. केंब्रिजने स्त्रियांस पूर्ण पदवी देण्यास आरंभ केला तो 1948 साली. परीक्षा द्यावी, सर्वांच्या पुढे जावे आणि तरीही पदवी मिळू नये, अशी ती स्थिती होती.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 साली झाली, आणि 1862 साली महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही मंडळी पहिल्या तुकडीत बी. ए. होऊन बाहेर पडली. तथापि आमच्याकडे उच्च गणिताचे अध्यापन पदवीच्या आधीपासून होते. केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म 1825 चा. म्हणजे विद्यापीठ निघाले तेव्हा ते बत्तिशीच्या आसपास होते व त्यांच्या नावापुढे कोणतीही पदवी नव्हती. तरुणपणी कोलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता त्यांनी ज्ञान मिळविले, 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणिताचे अध्यापन केले. त्यांचे एक शिष्य म्हणजे लोकमान्य टिळक. टिळकांनी गणित घेऊन बी. ए. ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली, आणि न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविले. पुढे वेदकालाच्या निर्णयासाठी त्यांनी नक्षत्रांच्या गतीचा आधार घेतला, त्यामागे केरोनानांच्या वर्गातील शिकवण होती असे मानण्यास हरकत नाही.

टिळक 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. गणिताची ती जागा भरून काढण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी बोलावून घेतले ते धोंडो केशव कर्वे यांना. कोकणातील मुरुडसारख्या गावचा हा मुलगा परीक्षेसाठी डोंगरघाट ओलांडून पायी साताऱ्यास गेला होता, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेस बसू न देता त्याला परत पाठविण्यात आले होते. त्याच मुलाने 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. केले. 1891 पासून 1914 पर्यंत अण्णासाहेब फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत राहिले, आणि त्या अल्प वेतनावर संसार चालवून 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला व 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले. ‘गणिताच्या पदवीचे पुढे काय?’ या प्रश्नाला अण्णासाहेबांचे चरित्र हे एक उत्तर आहे. त्या पदवीने त्यांना श्रीमंत केले नाही. परंतु हजारो स्त्रियांच्या शिक्षणाची वाट ज्या घरातून निघाली त्या घराची चूल तिनेच पेटती ठेवली.

अण्णासाहेबांच्या आधाराने शिकलेले त्यांचे आप्त म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोली तालुक्यातील मुर्डी येथे 1876 साली त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि 1899 साली जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने सीनिअर रँग्लर झाले. त्यापूर्वी 1874 साली बंगालचे आनंदमोहन बोस रँग्लर झाले होते. परंतु सर्वोच्च स्थान एका हिंदी विद्यार्थ्यास मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग. राज्यकर्त्यांच्या देशात, त्यांच्याच परीक्षेत, त्यांच्या पहिल्याच्या बरोबरीने आपला माणूस उभा राहिला, याचा देशभर केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करावी. त्या दिवसापासून महाराष्ट्रात ‘रँग्लर’ हा शब्द पदवी न राहता नावाचाच भाग झाला: रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. परांजप्यांना सरकारी नोकरीची दारे उघडी होती. तरी ते परत येऊन फर्ग्युसनमध्ये अल्प वेतनावर रुजू झाले व वीस वर्षांच्या वर त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. त्यांची कन्या शकुंतला यांनीही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणिताचाच ट्रायपॉस केला. नारळीकरांच्या घरी तर पित्यानंतर पुत्र असा हा वारसा चालला. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला गणिताचे प्राध्यापक झाले, आणि त्यांचे पुत्र जयंत विष्णु नारळीकर, जे 2025 साली पुण्यात निवर्तले, तेही केंब्रिजचे रँग्लर होते.

मात्र रँग्लरांच्या या झळाळीत एका साध्या पदवीधराचा विसर पडू नये. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 साली डहाणूस झाला. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि 1929 साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यापुढील पदवी त्यांनी घेतली नाही. देवळालीस शाळामास्तर म्हणून त्यांनी 1962 पर्यंत नोकरी केली. परंतु 1949 साली त्यांनी शोधलेली 6174 ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

ती गंमत घरातील मुलांना अवश्य करून दाखवावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. 3524 घेतली तर 5432 मधून 2345 गेल्यास 3087. मग 8730 मधून 0378 गेल्यास 8352. मग 8532 मधून 2358 गेल्यास 6174. येथून पुढे कितीही वेळा करा, 6174 च येत राहील. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत येथेच पोहोचते.

शाळेतला विद्यार्थी येथे आश्चर्य करून थांबतो. गणिताच्या पदवीचा विद्यार्थी विचारतो, ‘हे सर्व संख्यांबाबत खरे कशावरून?’ दहा हजार संख्या एकेक करून तपासाव्यात काय? थोडा विचार करता दिसते की वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून आहे: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाची 999 पट व दुसऱ्याची 90 पट यांची बेरीज म्हणजेच ते उत्तर. वरील उदाहरणात हे फरक 3 व 1 आहेत. 2997 आणि 90 मिळून 3087. पहिला फरक 1 ते 9 यांपैकी असतो व दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. म्हणून सारी मिळून 54 च प्रकरणे उरतात. दहा हजारांचे काम चोपन्नांवर आले! ती एका दुपारी कागदावर तपासता येतात. मोजणे शाळा शिकविते. काय मोजण्याची गरज नाही हे ओळखणे व ते सिद्ध करणे, हे पदवीचे तीन-चार वर्षांचे शिक्षण होय. म्हणूनच शाळेत शंभरांपैकी शंभर मिळविणारा विद्यार्थी कॉलेजच्या पहिल्या वर्षी सीमा, सातत्य, गट अशा कल्पनांपुढे गोंधळतो. ती त्याची अधोगती नव्हे; विषयच तेथे नव्याने सुरू होतो. अशा वेळी घरच्यांनी गुणांचा हिशेब न मागता धीर द्यावा.

परीक्षा व प्रतिभा यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही, याचा सर्वांत मोठा दाखला श्रीनिवास रामानुजन यांचा. गणितात असामान्य असूनही इतर विषयांत नापास झाल्याने मद्रास इलाख्यात त्यांना पदवी मिळाली नाही. पुढे हार्डी यांनी त्यांची योग्यता ओळखली, आणि 1916 साली केंब्रिजने त्यांना संशोधनावरून बी. ए. ही पदवी दिली. क्रमांकपद्धतीविरुद्ध झगडणाऱ्या त्याच हार्डींच्या नजरेस हा हिरा पडावा, यात आम्हांस केवळ योगायोग दिसत नाही. ज्याने क्रमांकाची किंमत ओळखली होती त्यालाच क्रमांकाबाहेरचा माणूस दिसला.

आता काळ पालटला आहे. संगणकशास्त्र, विमा, संख्याशास्त्र, हवामानाचे अंदाज, गुप्तलेखन या साऱ्यांत गणिताच्या पदवीधरास मागणी आहे. उत्तम शिक्षकांची गरज तर प्रत्येक गावात आहे. 1976 साली श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात स्थापलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान असो वा देशातील इतर गणितसंस्था असोत, होतकरू विद्यार्थ्यास वाट दाखविणारी ठिकाणेही आज आहेत. केरोनानांच्या तरुणपणी यांपैकी काहीही नव्हते.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस व सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. सत्कार अवश्य व्हावेत. पण केवळ शेकडा गुणांची यादी वाचून आपले कर्तव्य संपले असे मानू नये. विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी निदान एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस गणिताच्या पदवीसाठी आरंभापासून अखेरपर्यंत साहाय्य मिळावे, आणि एखाद्या वर्षी गुण उतरले म्हणून ते बंद होऊ नये. निवड करताना मुलीचा अर्ज मागे पडू नये, हे तर फिलिपा फॉसेटच्या कथेनंतर निराळे सांगावयास नको. परीक्षेच्या उंबरठ्यावरून परत पाठविलेला मुरुडचा मुलगा पुन्हा परीक्षेस बसला, म्हणून पुढचा सारा इतिहास घडला. आपल्या ज्ञातीतही असे एखादे मूल आज परत फिरण्याच्या बेतात असेल. त्याला थांबविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.