बादमे : निकाल लागला, वाद मिटला नाही

आजचा भाग एका गावाबद्दल आहे. नकाशावर शोधायला गेलात तर बरंच झूम करावं लागेल. गावाचं नाव बादमे. देश कुठला? तोच तर वाद आहे. आफ्रिकेच्या शिंगात, इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्यामधल्या कोरड्या माळावर हे गाव आहे. तिथे तेलाची विहीर नाही, बंदर नाही. तरी १९९८ ते २००० या दोन वर्षांत इथून पेटलेल्या युद्धात साधारण ७० हजार ते १ लाख माणसं मेली असा अंदाज आहे.

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. त्यामुळे मला युद्धापेक्षा युद्धानंतरच्या कागदांनी जास्त अडकवून ठेवलं. या वादात कागदावर जे जे व्हायला हवं ते सगळं झालं. तह झाला, न्यायाधीश बसले, निकाल आला, अक्षांश-रेखांशांची यादीसुद्धा तयार झाली. आणि जमिनीवर सोळा वर्षं काहीच हललं नाही. असं का झालं, ते आज बघू.

आधी नकाशा

१८९६ मध्ये अडव्याच्या लढाईत सम्राट मेनेलिक दुसरा याने इटलीचा पराभव केला. पण समुद्राकाठची इरिट्रिया ही वसाहत इटलीने १८९० मध्येच जाहीर केली होती, ती तिच्याकडेच राहिली. मग दोघांमधली हद्द ठरवायला तीन करार झाले : १९००, १९०२ आणि १९०८. पूर्वेकडे सांगितलं, किनाऱ्यापासून ६० किलोमीटर आत, किनाऱ्याला समांतर रेषा धरा. मधल्या भागात नद्या धरल्या. पश्चिमेकडे, म्हणजे बादमेच्या बाजूला, १९०२ च्या करारात नद्यांच्या संगमांची नावं लिहिली आणि कुनामा जमात इरिट्रियाकडे राहील असं पाहा, असं म्हटलं.

आता गंमत अशी, की त्या करारातली एक नदी नेमकी कुठली, यावर शंभर वर्षांनी वकील भांडत बसले. कारण जागेवर जाऊन हद्दीचे दगड कोणी रोवलेच नव्हते. आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन लिहिलं, सह्या झाल्या, आणि काम तिथेच थांबलं.

पुढे त्याची गरजही वाटली नाही. १९३६ मध्ये इटलीने अख्खा इथिओपियाच बळकावला. १९४१ मध्ये ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी इटलीला तिथून हाकललं. आपला एक धागा इथे आहे. इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत जी भीषण लढाई झाली, तिच्यात मराठा पलटणही होती, आणि 'केरेन' हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धसन्मानांपैकी एक आहे. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार १९५२ मध्ये इरिट्रिया संघराज्य म्हणून इथिओपियाला जोडला गेला. १९६२ मध्ये सम्राट हैले सेलासीने ते संघराज्य मोडून इरिट्रियाला साधा प्रांत करून टाकलं. तोवर स्वातंत्र्याचा लढा सुरू झालाच होता, आणि तो एकूण तीस वर्षं चालला. या काळात ही हद्द म्हणजे एका देशातल्या दोन प्रांतांची शीव. तिच्याकडे कोण बघतो? बादमेचा कारभार तिग्राय प्रांतातून चालत राहिला.

मित्रच भांडले

१९९१ मध्ये इथिओपियातली लष्करी राजवट कोसळली. ती पाडणारे दोन प्रमुख गट होते. इसायस अफवर्की यांचे इरिट्रियन बंडखोर आणि मेलेस झेनावी यांचे तिग्रायमधले बंडखोर. खांद्याला खांदा लावून लढलेले. १९९३ मध्ये इरिट्रियात सार्वमत झालं, ९९ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, आणि मेलेस यांच्या सरकारने ते मान्य केलं. त्याबरोबर इथिओपियाचा सगळा समुद्रकिनारा गेला. असाब बंदर वापरायला मिळत होतं, त्यामुळे सुरुवातीला फार बोंब झाली नाही.

मग १९९७ मध्ये इरिट्रियाने स्वतःचं चलन आणलं, नक्फा. व्यवहार कोणत्या पैशात करायचा यावरून व्यापार अडखळला. जुने मित्र एकमेकांकडे संशयाने बघू लागले. ६ मे १९९८ ला बादमेजवळ चकमक झाली, काही इरिट्रियन मारले गेले. १२ मे ला इरिट्रियाचं सैन्य रणगाडे घेऊन गावात शिरलं.

पुढचं युद्ध जुन्या पद्धतीचं होतं. खंदक, तोफा आणि समोरून चालून येणाऱ्या पायदळाच्या लाटा. ५ जून १९९८ ला इथिओपियाने अस्मारा विमानतळावर बॉम्ब टाकले, त्याच दिवशी इरिट्रियाच्या विमानांचे बॉम्ब मेकेले शहरातल्या एका शाळेवर पडले. इथिओपियाने इरिट्रियन वंशाच्या सुमारे ७५ हजार लोकांना देशाबाहेर काढलं. त्यांतले कितीतरी अदिस अबाबात वाढलेले, तिथेच दुकान टाकलेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये इथिओपियाने बादमे परत घेतलं, मे २००० मध्ये फौजा इरिट्रियात खोल घुसल्या, आणि डिसेंबर २००० मध्ये अल्जियर्सला तह झाला.

निकाल काय लागला

तहात ठरलं, की पाच जणांचा हद्द आयोग निकाल देईल आणि तो अंतिम, दोघांना बंधनकारक असेल. पण एक अट फार महत्त्वाची होती. आयोगाने फक्त वसाहतकाळातले करार आणि आंतरराष्ट्रीय कायदा बघायचा. न्याय्य वाटते म्हणून एखादी तडजोड काढायची मुभा त्याला नव्हती. म्हणजे रेषा एखाद्या गावाच्या मधून गेली तरी ती वळवता येणार नव्हती.

१३ एप्रिल २००२ ला निकाल आला. त्यातल्या रेषेवर बादमेचं नावच नव्हतं, नुसते बिंदू होते. दोन्ही देशांनी आपण जिंकलो असं जाहीर केलं! पुढच्या वर्षी आयोगाने स्पष्ट केलं, की बादमे इरिट्रियात येतं. इथिओपियाने ते मानलं नाही.

खरी मेख पुढे आहे. नुकसानभरपाईसाठी वेगळा आयोग होता. त्याने २००५ मध्ये सांगितलं, की १२ मे १९९८ चा हल्ला करून इरिट्रियाने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला. म्हणजे जमीन इरिट्रियाची, आणि ती बळाने घ्यायला जाण्याचा गुन्हाही इरिट्रियाचाच. २००९ मध्ये पैशांचा हिशेब झाला : इथिओपियाला सुमारे १७ कोटी ४० लाख डॉलर, इरिट्रियाला सुमारे १६ कोटी. जवळजवळ फिटंफाट.

मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना इरिट्रियाच्या बाजूच्या २५ किलोमीटर रुंद पट्ट्यात उभी होती. तिच्यात भारतीय तुकडीही होती. दगड रोवायला जागेवर जाता येईना, म्हणून आयोगाने २००७ च्या अखेरीस हद्दीच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, हीच हद्द समजा असं सांगितलं आणि काम थांबवलं. २००८ मध्ये शांतिसेनाही गेली. हद्द आता फक्त आकड्यांत होती. गावात इथिओपियाचे सैनिक होते.

ना युद्ध, ना शांतता

मला वाटतं, यात दोष निकालाचा नव्हता. निकाल अमलात आणायला लावणारं कोणी नव्हतं. तहावेळी साक्षीदार म्हणून बसलेल्या अमेरिका, युरोपीय संघ आणि आफ्रिकी संघटनेने पुढे फारसा जोर लावला नाही. २००६ च्या अखेरीस इथिओपियाने सोमालियातल्या इस्लामी न्यायालयांच्या संघटनेवर चढाई केली तेव्हा तो अमेरिकेला हवा असलेला मित्र होता. इरिट्रियाने इथिओपियाच्या विरोधकांना हाताशी धरलं, सोमालियातल्या सशस्त्र गटांना मदत केल्याचा आरोप झाला आणि २००९ मध्ये त्याच्यावर निर्बंध आले. एका माळावरचं भांडण दुसऱ्या देशाच्या राजधानीत लढलं जाऊ लागलं.

किंमत सामान्य माणसाने मोजली. इरिट्रियात १८ महिन्यांची सक्तीची सेवा 'शत्रू दारात आहे' म्हणून बेमुदत झाली, आणि तरुण पोरं सुदानमार्गे, लिबियामार्गे समुद्राकडे पळू लागली. असाब बंद झालं, इथिओपियाचा जवळजवळ सगळा व्यापार जिबूतीवरून जाऊ लागला.

२०१८ मध्ये इथिओपियाचे नवे पंतप्रधान आबी अहमद यांनी निकाल मान्य असल्याचं सांगितलं आणि जुलैत थेट अस्मारा गाठलं. फोनच्या लाइन वीस वर्षांनी सुरू झाल्या. लोक ओळख नसतानाही पलीकडचे नंबर फिरवून 'कसे आहात' विचारत होते. सप्टेंबरमध्ये नाकी उघडली, नातेवाईक गळ्यात पडून रडले. काही महिन्यांत ती पुन्हा बंद झाली. २०१९ चं शांततेचं नोबेल मात्र आबी यांना मिळालं.

पण बादमेचा कारभार होता तिग्रायकडे, आणि हा समेट अदिस अबाबा आणि अस्मारा यांच्यात झाला होता. दोघांनाही तिग्रायचे जुने नेते नकोसे होते. नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्रायमध्ये युद्ध पेटलं आणि इरिट्रियाचं सैन्य इथिओपियाच्या बाजूने तिथे उतरलं. म्हणजे जी मैत्री शांतता म्हणून साजरी झाली, तिचं ओझं हद्दीवरच्याच लोकांवर पडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात तह झाला, त्यावर इरिट्रियाची सही नाही. २०२३ पासून आबी तांबड्या समुद्रापर्यंत वाट हवी असं उघड बोलू लागले, आणि अस्मारात पुन्हा काळजी सुरू झाली. १२ कोटींहून जास्त लोकांचा, समुद्र नसलेला देश असं म्हणतो तेव्हा किनारा असलेल्या शेजाऱ्याने दचकणं साहजिक आहे.

बादमेच्या फाइलमध्ये सगळं आहे : करार, नकाशे, साक्षी, निकाल, भरपाईचे आकडे. तिथे राहणाऱ्या माणसांना काय हवंय, याचं एक पान मात्र नाही, कारण तो प्रश्न आयोगाला विचारायचाच नव्हता. पुढच्या वेळी बातम्यांत 'सीमावाद सुटला' असं ऐकलंत, तर एवढंच बघा, की त्या हद्दीवरच्या बाजारात दोन्हीकडची माणसं येऊ शकतात का. येत असतील तर सुटला.

भेटू पुढच्या भागात.