७९ किलो गोळ्या आणि दोन घड्याळं

आज अशा एका कलाकृतीची गोष्ट, जी बघायला आलेले लोक खाऊन टाकतात. आणि कलाकाराने तशी मुभा स्वतःच देऊन ठेवलीये.

शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट. कोपऱ्यात चमकत्या कागदातल्या गोळ्यांचा ढीग. आपल्या लिमलेटच्या गोळ्या असतात ना, तशाच, बाजारात मिळणाऱ्या. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. कुणीही यावं, एक गोळी उचलावी, तोंडात टाकावी. ढीग कमी कमी होत जातो.

हे काम १९९१ चं. कलाकार फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस. जन्म १९५७, क्यूबा. पुढे प्वेर्तो रिको आणि १९७९ पासून न्यूयॉर्क. कामाचं नाव 'अनटायटल्ड', आणि पुढे कंसात 'लॉस एंजेलिसमधल्या रॉसचं पोर्ट्रेट'. रॉस लेकॉक हा फेलिक्सचा जोडीदार. १९९१ मध्येच तो एड्सने गेला. आता तो ७९ किलोचा आकडा परत आठवा. ते एका धडधाकट माणसाचं वजन म्हणून वाचलं जातं. गोळ्या संपतात तसा माणूस झिजत जातो.

पण थोडं मागे जाऊया, कारण तो काळ कळल्याशिवाय हा ढीग कळत नाही. ऐंशीच्या दशकातली अमेरिका. एड्सने तरुण मुलं जातायत आणि सरकार ढिम्म. १९८७ मध्ये सिनेटर जेसी हेल्म्स यांनी एक दुरुस्ती पास करून घेतली: एड्सबद्दलच्या ज्या माहितीतून समलैंगिकतेला 'उत्तेजन' मिळेल, तिला सरकारी पैसा नाही. १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने रॉबर्ट मेपलथॉर्पच्या फोटोंचं प्रदर्शन राजकीय वादाच्या भीतीने रद्द केलं.

अशा वातावरणात फेलिक्सने काय केलं? भिंतीवर दोन घड्याळं लावली. ऑफिसात असतात तशी साधी, गोल, बॅटरीवर चालणारी, एकमेकांना चिकटून. नाव 'परफेक्ट लव्हर्स'. दोन्ही एकाच वेळेला लावून सुरू करायची. बास. यात सेन्सॉर करणार काय?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हे काम मला जास्तच भिडतं. दोन घड्याळं कधीच कायम एका वेळेवर राहत नाहीत. आतला क्वार्ट्झचा क्रिस्टल किंचित वेगळा असतो, तापमानाचा परिणाम होतो आणि सेकंदा-सेकंदाचा फरक साठत जातो. याला आम्ही क्लॉक ड्रिफ्ट म्हणतो. सर्व्हर सारखे एकमेकांशी वेळ जुळवत बसतात, ते याचसाठी. आमच्यासाठी तो दोष आहे. फेलिक्ससाठी तीच गोष्ट होती: दोघांपैकी एक आधी मागे पडणार, आधी थांबणार. मग बॅटरी बदलता येते, दोन्ही घड्याळं पुन्हा एकत्र सुरू करता येतात.

गोळ्यांचंही तसंच. म्युझियमकडे मूळ ढीग असा नाहीच, असतात त्या सूचना. संपल्या की पुन्हा भरता येतात. वस्तू जाते, करायची कृती उरते.

त्याच काळात न्यूयॉर्कच्याच झोई लेनर्डने उलटी वाट धरली. मित्र डेव्हिड वोयनारोविच १९९२ मध्ये एड्सने गेल्यावर तिने खाऊन झालेल्या केळ्या-संत्र्यांची सालं सुई-दोऱ्याने, बटणांनी, चेननी शिवली. अशी सुमारे ३००. सालं टिकवायचा उपाय एका तज्ज्ञाने शोधून दिला होता, तरी तिने नको म्हटलं. ती सालं आता फिलाडेल्फियाच्या म्युझियमची आहेत आणि सुकत, काळी पडत चाललीयेत. त्यांना रिफिल नाही.

फेलिक्स स्वतः जानेवारी १९९६ मध्ये गेला, तोही एड्सनेच, वयाच्या ३८ व्या वर्षी. त्याच वर्षी नवीन औषधांचा एकत्र उपचार सर्रास सुरू झाला आणि अमेरिकेतले मृत्यू झपाट्याने कमी होऊ लागले. थोडक्यात हुकलं.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. २०२२ मध्ये शिकागोतल्या त्या ढिगाशेजारच्या माहितीफलकावरून रॉस आणि एड्स हे दोन्ही उल्लेख गेलेले लोकांना दिसले. वजनाबद्दल लिहिलं होतं, माणसाबद्दल नाही. सोशल मीडियावर ओरड झाली आणि मजकूर पुन्हा बदलला गेला.

बघा ना, गोळ्या व्यवस्थित भरलेल्या होत्या. ७९ किलोचं गणितही होतं. गायब झाला होता तो फक्त रॉस. गोळ्या दुकानातून आणता येतात, पण तो ढीग कोणाचा, हे दर वेळी कुणीतरी सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर उरतो नुसता खाऊ.

म्हणून आज आपण सांगितलं. तुम्हीही कुणाला तरी सांगा. भेटूया पुढच्या भागात!